कप्पेकाकांचा दुसरा प्रश्न

आमच्या रुग्णालयाच्या देखभाल विभागात एक माणूस होता, त्याला खऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मागे वळूनही पाहिलं नसतं. सगळे त्याला कप्पेकाका म्हणत. वॉर्डातल्या सिस्टर, लिफ्टवाले, फिटर, सफाईवाल्या बायका, इतकंच काय, आमचे साहेबसुद्धा. त्यांचं कागदोपत्री नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चौकशीच्या फायलीवर, आणि ते वाचताना आपण कुणा परक्या माणसाबद्दल वाचतोय असंच वाटलं.

विभाग तळघरात. एका बाजूला बॉयलर, दुसऱ्या बाजूला पंप, मधे आमची लांबट, बाराही महिने कोमट असलेली खोली. तिच्या भिंतीला बिनदाराचं एक लाकडी कपाट होतं, चौदा कप्प्यांचं. रुग्णालयात कुठेही काही गळलं, तुटलं, अडकलं की तिथल्या माणसानं चिठ्ठी लिहायची आणि आमच्या खिडकीवर आणून द्यायची. काकांनी ती योग्य कप्प्यात टाकायची, म्हणजे योग्य माणूस योग्य वेळी ती उचलायचा. एवढंच काम, आणि ते तीस वर्षं. कुणीही करेल असलं काम, असं मी एकदा मोठ्यानं म्हणालो होतो. ते त्यांनी ऐकलं असावं, पण अंगाला लावून घेतलं नाही.

खरं तर काका चिठ्ठी नुसती घेतच नसत. आणणाऱ्याला खिडकीशी उभं करून तीन प्रश्न विचारत. पहिला, "काय झालंय?" दुसरा, "मग आत्ता तू काय करून चालवतोयस?" आणि तिसरा, "उद्या तू रजेवर गेलास तर तिथे कोण उभं राहणार, त्याला हे ठाऊक आहे का?" घाईतली माणसं वैतागायची. एकदा एक सिस्टर आली. चिठ्ठीवर लिहिलेलं, वाफेच्या पेटीचं दार जरा ढिलं झालंय, सवडीनं बघा.

"मग चालवता कसं?" काकांनी विचारलं.

"काही नाही हो, कमरेनं दाबून धरते."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "सिस्टर, वाफ तुमच्या कमरेची ओळख ठेवणार नाही." आणि चिठ्ठी 'सवडीचे' ऐवजी तातडीच्या लाल कप्प्यात गेली. फिटर पाच मिनिटांत वर पळाला. सिस्टर जाताना कुरकुरत गेली, काकांना काही काम नाही म्हणाली.

मी त्या खोलीत आलो तोच मुळी हे कपाट हटवायला. वरच्या मजल्यानं सगळी कामं एका जागी दिसतील असं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ते बसवून चालतं करायचं काम माझ्याकडे होतं. काका मला कॉम्प्युटरसाहेब म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि आदर किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आता जो तो आपल्या विभागातूनच नोंद टाइप करणार होता आणि समोरच्या यादीतून कामाचा प्रकार निवडणार होता: बिघाड, देखभाल, सुधारणा, तपासणी, नवीन काम, चौकशी, इतर. प्रत्येक प्रकारापुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह. त्यावर क्लिक केलं की त्या प्रकारात काय टाकायचं ते एका ओळीत दिसणार. त्या सात ओळी लिहायच्या होत्या मी.

मी त्या एका दुपारी लिहिल्या. चहा यायच्या आत सात झाल्या. सरळ सांगायचं तर मी पाट्या टाकल्या. 'बिघाड' म्हणजे 'यंत्र किंवा वस्तू बंद पडली असल्यास.' 'सुधारणा' म्हणजे 'यंत्र चालू आहे, परंतु अधिक चांगले करता येईल.' साहेबांनी वाचलं, छान सुटसुटीत आहे म्हणाले, आणि मी खूश झालो.

काकांनीही वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्या टेबलाशी आले.

"कॉम्प्युटरसाहेब, तुम्ही प्रश्नचिन्ह दाखवता आणि त्याच्यामागे उत्तर ठेवता. जरा उलटं करा की."

"म्हणजे?"

"माणसाला 'बिघाड' म्हणजे काय ते सांगू नका, त्याला विचारा. हे चालवायला तुला हातानं काही वेगळं करावं लागतंय का? हो म्हणाला, की तो बिघाड. मग यंत्र चालू असेना का."

मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागद आणून दिला. शाळेतल्या पोरासारखं गोल अक्षर, समास सोडलेला, वर तारीख. सात प्रकार आणि प्रत्येकाखाली दोन-तीन प्रश्न. शेवटी एक टीप: 'माणसाला अडचणीची सवय होते. म्हणून तो अडचण लिहीत नाही. म्हणून विचारावे.' मला तो कागद बघून चीडच आली. दहावी झालेला माणूस मला माझं काम शिकवतोय. कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला, तिसऱ्या, खालच्या.

महिन्याभरात खिडकीला फळी ठोकली. कपाट सुतारानं उचलून नेलं. काकांना एक कॉम्प्युटर मिळाला. आलेल्या नोंदींचा प्रकार बरोबर निवडलाय का एवढं बघायचं आणि 'मंजूर' दाबायचं. माणूस समोर उभा नाही, त्याचे तेलकट हात नाहीत, चेहरा नाही. सुरुवातीला ते प्रत्येक नोंदीसाठी फोन करायचे. साहेबांनी सांगितलं, काका, याला वेळ लागतो, वरचे लोक आपला वेग बघतात. मग हळूहळू त्यांनी फोन सोडला. माणूस आज्ञाधारक. जे लिहिलंय ते पाळायचं, हा त्यांचा स्वभाव होता, आणि कपाटासमोर तो कधी आड आला नव्हता, कारण तिथले नियम त्यांचेच होते.

काकांची सून आमच्याच रुग्णालयात लाँड्रीत होती. मुलगा लांबच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. बायको कधीच गेलेली. घरात काका, सून आणि चार वर्षांची नात. सकाळी दोघं एकाच बसनं यायचे, नातीला पाळणाघरात सोडून. दुपारी एक वाजता लाँड्रीमागच्या बाकावर बसून एकाच डब्यातलं जेवायचे. मी कधी तिथून गेलो तर ती पदर सावरून म्हणायची, "या ना, बसा." बाकी दोघं फारसं बोलत नसत. जेवताना कामाचं बोलायचं नाही, असा काकांचा नियम होता.

लाँड्रीत चादरी इस्त्री करायची दोन मोठी मशीनं आहेत. गरम रोलर फिरत असतो, बाया ओली चादर त्याच्या तोंडाशी धरतात, तो ओढून घेतो. रोलरच्या पुढे एक पट्टी असते. हात फार पुढे गेला की तो पट्टीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पट्टी नसेल तर रोलरला चादर आणि हात यातला फरक कळत नाही.

सॉफ्टवेअर येऊन चौदा महिने झाले होते. लाँड्रीच्या सुपरवायझरबाईंनी नोंद टाकली: 'मशीन एक. पुढची पट्टी मधेच अडकते. खालून ढकलली की सुटते. मशीन चालू आहे.' प्रकार: सुधारणा. ती मंजुरीला काकांपुढे आली. मला तो सकाळचा प्रसंग स्वच्छ आठवतो. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. प्रश्नचिन्हावर क्लिक केलं, ओळ वाचली, दुसऱ्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं, ती वाचली. मग म्हणाले, "कॉम्प्युटरसाहेब, मशीन चालू आहे म्हणतायत. पण पट्टी अडकते. कशात टाकू?"

मी काहीतरी आकडे जुळवत होतो. मान वर न करता म्हणालो, "तिथे लिहिलंय ना काका, वाचा की."

त्यांनी वाचलं. यंत्र चालू आहे, परंतु अधिक चांगले करता येईल. मंजूर दाबलं.

आमच्याकडे सुधारणांची यादी तीन महिन्यांतून एकदा बैठकीत उघडायची. तोवर ते भिजत घोंगडं. एकोणीस दिवसांनी, सकाळी साडेदहाला, पट्टी अडकली. सुनेनं रोजच्यासारखी खालून ढकलली. बाहीचा काठ ओल्या चादरीबरोबर आत गेला, आणि अडकलेल्या पट्टीनं मशीन थांबलं नाही. आरडाओरडा तळघरापर्यंत आला नाही, फोन आला. काका जिन्यानं वर धावले, लिफ्टची वाट न बघता. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

बाकी सगळं त्यांनी कसं सोसलं हे सांगायला मी कोण? आठ दिवसांनी ते कामावर आले आणि आल्या आल्या मला म्हणाले, "ती ओळ बदला." रडणं नाही, आरोप नाही. "दुसरं मशीन चालू आहे. पट्टी त्याच बनावटीची आहे. तिथे बायका उभ्या आहेत."

दुसरं मशीन तपासलं गेलं होतं. तपासणीच्या दिवशी पट्टी व्यवस्थित हलली, म्हणून ते चालू ठेवायची परवानगी मिळाली. ती पुढे अडकायला लागली तर बाया काय करणार, हे काकांना माहीत होतं. ढकलणार. आणि सुपरवायझरबाई काय लिहिणार हेही माहीत होतं.

साहेबांनी मला बोलावून दार लावलं. "चौकशी संपेपर्यंत त्या मजकुराला कुणी हात लावायचा नाही. आज बदलला म्हणजे कालचा चुकीचा होता, असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल."

मी खाली येऊन काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पण बदलायचं तुमच्याच हातात आहे ना? एकच ओळ आहे."

"माझी नोकरी जाईल, काका."

त्यांनी मान हलवली. "तेही खरंय." मग थोड्या वेळानं, "मी एक कागद दिला होता तुम्हाला. त्यात सगळं लिहिलेलं होतं. तो सापडेल का? चौकशीला दाखवता येईल."

"शोधतो," मी म्हणालो. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागून होता.

चौकशी वरच्या मजल्यावर, लांब टेबलाभोवती झाली. तिघं जण होते. मला नोंदी पडद्यावर दाखवायला बसवलं होतं. त्यातल्या मधल्या गृहस्थांनी विचारलं, "ही नोंद 'सुधारणा' म्हणून कुणी मंजूर केली?"

"मी," काका म्हणाले.

"तुम्हाला यातला धोका कळला नाही?"

मला वाटलं, आता ते म्हणतील, तिथे तसंच लिहिलं होतं. मी विचारलं होतं. याला विचारलं होतं. तसं म्हणायचा त्यांना पुरता अधिकार होता. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कळायला हवा होता. तीस वर्षं हेच काम केलं. चूक माझी." मग ते पुढे झुकले. "पण साहेब, ती ओळ बदला. तिथे प्रश्न ठेवा. हे चालवायला हातानं काही करावं लागतं का, एवढा एकच." मधले गृहस्थ म्हणाले, तो या चौकशीचा विषय नाही. मी मूग गिळून बसलो. पडद्यावर माझी ओळ होती, सुटसुटीत.

पुढचे तीन महिने काका आपल्या परीनं लढत राहिले. 'सुधारणा' म्हणून आलेल्या प्रत्येक नोंदीमागे फोन. त्यांचं मंजुरीचं काम काढून त्यांना भांडारात बसवलं. मग ते जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत जायचे आणि लाकडाच्या पट्टीनं दुसऱ्या मशीनची पट्टी दाबून बघायचे. रोज. चौकशीतल्या माणसानं घटनेच्या जागी जायचं नाही, असा कागद आला. मग ते दाराबाहेर उभे राहून आत विचारायचे, "पट्टी हलतेय ना गं?" आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "हलतेय, काका."

याच काळात एका कागदावर सुनेची सही हवी म्हणून मला त्यांच्या घरी पाठवलं. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. सून पलंगावर बसलेली, नात तिच्यासमोर उभी राहून तिच्या स्वेटरची बटणं लावत होती, जीभ बाहेर काढून. खालचं वर, वरचं खाली. सुनेनं डाव्या हातानं सही केली. पाच अक्षरं होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"बाबा भांडारात आहेत का आता?" तिनं विचारलं.

"हो."

"मला काही बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी त्यांना दोष देते." तिनं पेन मला परत दिलं. "सगळ्या रुग्णालयाला विचारायचे, तू काय करून चालवतोस म्हणून. रोज माझ्यासमोर बसून जेवायचे, मला नाही कधी विचारलं. घरच्या माणसाला कोण विचारतं? आणि मीही नाही सांगितलं. रोज दहा वेळा ढकलत होते ती पट्टी. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटायचं."

माणसाला अडचणीची सवय होते. म्हणून तो अडचण लिहीत नाही. मी चहा घेतला नाही, घाईत आहे म्हणालो.

काकांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात अहवाल आला. अपघाताचं कारण: नोंदीच्या वर्गीकरणातील मानवी चूक. पुढे काकांचं ते कागदोपत्री नाव. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी ते डबा आणि छत्री घेऊन मागच्या दारानं गेले. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक शिफारस होती, वर्गीकरणासाठीचं मार्गदर्शन अधिक स्पष्ट करावं. साहेबांनी ती माझ्याकडे ढकलली. "आता करा काय करायचं ते. सुटसुटीत ठेवा."

मी तिसरा ड्रॉवर उघडला. कागद वरच होता. मी तो जसाच्या तसा टाइप केला, एकही शब्द न बदलता. आता 'सुधारणा' निवडलं की आधी प्रश्न येतो: 'हे चालवण्यासाठी कुणाला हाताने काही वेगळे करावे लागते का?' 'हो' म्हटलं की नोंद आपोआप बिघाडात जाते आणि फिटरचा फोन वाजतो. सगळं करायला मला पाऊण तास लागला.

चौथ्या दिवशी लाँड्रीतून नोंद आली. मशीन दोन. पट्टी अडकते. सुपरवायझरबाईंनी सवयीनं 'सुधारणा' निवडलं होतं. प्रश्न आला. त्यांनी 'हो' दाबलं. दहा मिनिटांत फिटरनं मशीन बंद केलं. आतली स्प्रिंग तुटायला आली होती. तिथे त्या वेळी उभी असलेली बाई नवीन होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

हे काकांना सांगायला मी त्याच दिवशी संध्याकाळी गेलो. मला वाटत होतं मी आनंदाची बातमी नेतोय. दार सुनेनं उघडलं, डाव्या हातानं. काका आत खुर्चीत बसून नातीच्या वहीला पुठ्ठा घालत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्रश्न, 'हो', दहा मिनिटं, स्प्रिंग. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि सुनेला म्हणाले, "ऐकलंस? थांबवलं मशीन."

मग ते माझ्याकडे वळले. "बसा ना. शब्द कुठून घेतलेत? मी लिहिले होते तसेच वाटतात."

"तुमचेच आहेत. तुमच्या कागदावरून घेतले."

"कागद सापडला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. टेबल हलवताना सापडला म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी विश्वास ठेवला असता. पण त्या घरात, तिच्यासमोर, ते माझ्याच्यानं झालं नाही.

"हरवला नव्हता, काका. ड्रॉवरमध्येच होता."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेवरून नख फिरवलं. "मला वाटलं हरवला," ते म्हणाले. "चौकशीत मी मनाशी म्हटलं, एवढ्या कामात कागद हरवतो, माणसाचा काय दोष? म्हणून तुमचं नाव घेतलं नाही."

नातीनं त्यांच्या हातातली वही ओढली, तिला पुठ्ठा लवकर हवा होता. त्यांनी ती तिला दिली. मग उठून दाराशी गेले आणि दार उघडं धरून उभे राहिले. मी बाहेर पडलो. मागे त्यांनी दार लावलं, आवाज न करता, रोज लावत असतील तसं.